मॉर्टिफिकेशन हा ख्रिश्चन बँड खरंच डेथ मेटल वाजवायचा का? सुरुवात कुठल्या अल्बमपासून करावी?

हो, अस्सल डेथ मेटल (घोगऱ्या, गुरगुरत्या आवाजातलं अतिशय जड आणि आक्रमक मेटल संगीत), आणि सुरुवात 1992 च्या 'स्क्रोल्स ऑफ द मेगिलॉथ'पासूनच करा. मेलबर्नच्या स्टीव्ह रोने 'लाइटफोर्स' या हेवी मेटल बँडनंतर 1990 च्या सुमारास मॉर्टिफिकेशन उभा केला. बास आणि गायन दोन्ही त्याचंच. या अल्बमवर त्याचा आवाज अगदी पोटातून येतो, खोल आणि घोगरा. जेसन शेरलॉकचे ड्रम्स तर थांबायचं नावच घेत नाहीत. पहिलंच गाणं 'नॉक्टर्नल' मोठ्या आवाजात लावा, शंका तिथेच मिटेल. शब्द थेट श्रद्धेचे, पण वादनात कुठेही मवाळपणा नाही. शिवाय न्यूक्लिअर ब्लास्टसारख्या धर्माशी संबंध नसलेल्या जर्मन लेबलने त्यांचे अल्बम काढले, तेही उगाच नव्हे.

फक्त सगळे अल्बम असेच असतील असं समजू नका. 1993 मध्ये शेरलॉक बाहेर पडला (पुढच्याच वर्षी त्याने 'होर्ड' या नावाने एकट्याने ब्लॅक मेटल या मेटलच्या आणखी एका उग्र प्रकारातला अल्बम केला, तोही जरूर ऐका) आणि 1994 च्या 'ब्लड वर्ल्ड'पासून बँड थ्रॅश आणि ग्रूव्ह या मेटलच्या दुसऱ्या प्रकारांकडे वळला. 1996 मध्ये रोला ल्युकेमिया झाला, अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावं लागलं. 1998 चा 'ट्रायम्फ ऑफ मर्सी' त्यातून सावरल्यानंतरचा आहे. संगीत म्हणून तो मला 'स्क्रोल्स'च्या तोडीचा वाटत नाही, पण रोची कळकळ त्यात सर्वांत स्पष्ट ऐकू येते.