चांगलं वागते, पण मनातून नाही. मी ढोंगी आहे का?

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली एक सून. सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं ती बघते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "मॅडम, त्यांना भरवताना मी गोड बोलते, पण आत दात आवळलेले असतात. चहात साखर कमी आहे म्हणाल्या की हसून घालते, मग ओट्याशी जाऊन पातेलं आपटते. हे ढोंगच ना?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बऱ्याच जणी येतात. पुरुष क्वचित, कारण भरवायची वेळही त्यांच्यावर क्वचितच येते.

अशा वेळी मला ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) उपयोगी पडतो. 'निकोमेकियन एथिक्स' या नीतीवरच्या ग्रंथाच्या सातव्या भागात त्याने माणसामाणसांतला फरक नेमका टिपलाय. कुणाला योग्य तेच करावंसं वाटतं. कुणाचं मन उलट ओढतं, तरी तो योग्य तेच करतो. कुणाला कळतं पण वळत नाही, आणि कुणाला वाईटच बरोबर वाटतं. ती यातल्या दुसऱ्या गटातली. रात्री दोनला उठून ती सासूबाईंची कूस बदलते, ते कुणाला दाखवायला?

आधी मन निर्मळ करा आणि मग वागा, असं ॲरिस्टॉटल म्हणत नाही. न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो, असं त्याचं म्हणणं. सुखही त्याच्या लेखी आजचा मूड नव्हे. ते आख्ख्या आयुष्याच्या वागण्यात असतं, आणि त्यालाही थोडं नशीब, पैसा, माणसं लागतात हे तो कबूल करतो. (बायका आणि गुलामांबद्दल त्याने लिहिलेलं मात्र आज वाचवत नाही.)

तिच्या बाबतीत मला चौथ्या भागातलं रागाचं विवेचन जास्त मोलाचं वाटलं. जिथे रागवायला हवं तिथे न रागावणं हाही त्याच्या मते दोषच. राग योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य तितकाच हवा. मी विचारलं, "राग नक्की कुणावर आहे?" ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "दिरांवर. पैसे पाठवतात, पण एक रात्र राहिले नाहीत."

फोनवर काय बोलायचं ते आम्ही लिहून काढलं. आरोप नाहीत, जुनी उणीदुणी नाहीत, फक्त "या शनिवार-रविवारी तुम्ही या." नवऱ्याने बोलावं असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, तुम्हीच बोला.

पहिल्यांदा दीर "बघतो" म्हणाले. दुसऱ्या फोननंतर आले, रात्रभर राहिले, आणि सकाळी निघताना डायपर कुठून आणता ते विचारून गेले.