अर्धी लंडनची, अर्धी व्हिएन्नाची

सुई ठेवा, मग बोला : रेकॉर्डवाल्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच सिनेमाच्या संगीताबद्दल आहेत, म्हणजे पुण्यात एकाने मागवली की बाकीच्यांना राहवत नाही हे जुनंच आहे. घेऊया मग ओळीने.

प्रश्न : काका, हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'च्या म्युझिकचा रीइश्यू, म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगची नवी आवृत्ती, मागवला, दोन एलपींचा सेट, कस्टम धरून खिशाला चांगलीच चाट बसली. सुरुवात काय सुंदर, व्हायोलिन इकडे, बाकीची वाद्यं तिकडे, समोर ऑर्केस्ट्रा बसलाय असं वाटतं. आणि मग पुढे एकदम सगळा आवाज गोळा होऊन दोन स्पीकरच्या मध्ये येऊन बसतो, काही वेळाने परत पसरतो. कार्ट्रिज बदललं, तपकीर गल्लीतून नवी केबल आणली, ॲम्प मेकॅनिकला दाखवला, तो पाचशे रुपये घेऊन म्हणाला सेट ओके आहे. विकणारा परत घेत नाही. मी फसलो का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : नाही हो, फसला नाहीत. पाचशे तेवढे गेले, पण मेकॅनिक खरं बोलला म्हणून त्याला माफ करा.

ही रेकॉर्ड अशीच आहे. १९५८ च्या सुरुवातीला हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये वाद्य वाजवणाऱ्यांचा संप झाला आणि नेमकं त्याच वेळी या सिनेमाचं पार्श्वसंगीत रेकॉर्ड करायचं होतं. संगीतकार बर्नर्ड हरमन, आणि हा माणूस आपलं संगीत स्वतः कंडक्ट करणारा, दुसऱ्याच्या हातात काठी द्यायला सहज तयार होणारा नव्हे. पण अमेरिकेत वाजवायलाच कोणी नाही म्हटल्यावर काम युरोपात पाठवलं आणि कंडक्टर म्हणून म्यूर मॅथिसन उभे राहिले. लंडनला सिनफोनिया ऑफ लंडन नावाची वादकमंडळी बसली, स्टिरिओत, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा आवाज ठेवून, रेकॉर्डिंग सुरू झालं, थोडं काम झालं, आणि मग तिथल्या वादकांनीही अमेरिकेतल्या संपकऱ्यांच्या बाजूने वाद्यं खाली ठेवली. आता उरलेलं कुठे करणार, तर व्हिएन्नात. आणि व्हिएन्नात जे झालं ते मोनोत, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज.

म्हणजे तुमच्या हॉलमध्ये आवाज पसरतो तेव्हा तुम्ही लंडनमध्ये असता आणि गोळा होतो तेव्हा व्हिएन्नात. मला तर ही गंमत त्या सिनेमाच्या गोष्टीला शोभणारी वाटते, पण ते असो.

सेटबद्दल शंका उरलीच असेल तर ॲम्पच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी आपसात बदला आणि तीच बाजू परत लावा. पसरलेल्या भागात वाद्यं जागा बदलतील, डावीकडची उजवीकडे जातील, आणि गोळा झालेल्या भागात ढिम्म काही होणार नाही. असं झालं म्हणजे तुमचं सगळं शाबूत आहे. मोनो असलं की सुई फक्त आडवी हलते आणि दोन्ही स्पीकरना तंतोतंत एकच गोष्ट मिळते, स्टिरिओत खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात, एवढाच फरक.

आणि एक, काही लोक खरखर कमी करायला ॲम्पचं मोनो बटण कायम दाबून ठेवतात. पूर्ण मोनो रेकॉर्डला ते चांगलंच, कारण धूळ-ओरखड्यांमुळे सुई जी वरखाली हलते तिचा आवाज त्यात कटतो. पण या सेटला दाबलंत तर लंडनचंही व्हिएन्ना होईल, मग कस्टम कशाला भरलं?

प्रश्न : आमच्या रविवारच्या कट्ट्यावर यावरून अक्षरशः भांडण झालं. एक गट म्हणतो की आता कॉम्प्युटरने वाद्यं वेगळी काढता येतात, तर कंपनीने सगळं एकसारखं स्टिरिओ करून का नाही दिलं, आम्ही पैसे पूर्ण देतो. दुसरा गट म्हणतो हात लावायचा नाही. तुम्ही कुठल्या गटात? (दोन मित्र, कोथरूड)

उत्तर : दुसऱ्या. चहा पहिल्या गटाकडे असला तरी.

एकसारखं करायची हौस नवीन नाहीये. साठच्या दशकात स्टिरिओची फॅशन आली तेव्हा कंपन्यांनी जुन्या मोनो टेपा काढल्या, खालचे स्वर एका बाजूला ढकलले, वरचे दुसऱ्या बाजूला, मध्ये थोडा उशीर नाहीतर घुमारा टाकला आणि कव्हरवर स्टिरिओ छापून विकलं. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे तसली एखादी रेकॉर्ड आहे त्यांनी ती हेडफोनवर ऐका, पाच मिनिटांत डोकं धरतं. आजची तंत्रं त्याहून पुष्कळ बरी आहेत, मान्य. पण व्हिएन्नात माईकसमोर जे झालं ते मोनो होतं, व्हायोलिन नक्की कुठे बसली होती हे त्या टेपेला ठाऊकच नाही, म्हणजे कॉम्प्युटर जे सांगेल तो त्याचा अंदाज. आणि माझं म्हणणं असं की रीइश्यू घेणारा माणूस अंदाज विकत घेत नसतो.

सिनेमाच्या बाबतीत हे होऊन गेलंय. १९९६ ला रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी 'व्हर्टिगो' ७० मिलिमीटरवर नव्याने उभा केला, रंग काय सुरेख आले, पण साउंडट्रॅक मल्टिचॅनल करताना पावलांचे, दारांचे, गोळीचे आवाज नव्याने बनवून घातले आणि जुने प्रेक्षक खवळले. का, तर त्यांच्या कानात तो पाऊल वाजल्याचा आवाज बसलेला. तुम्ही सदाशिव पेठेतला जुना वाडा दुरुस्त करून त्याला ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावल्यात तर पाऊस आत येणार नाही हे खरंय, पण.

जोड दिसली तर दिसू दे की. जोड आहे म्हणूनच तर संपाची गोष्ट आपल्याला आज ऐकू येतेय. त्या संपानंतर हॉलिवूडच्या स्टुडिओंची पगारी ऑर्केस्ट्रा ठेवायची पद्धतही मोडली, म्हणजे एका अख्ख्या व्यवस्थेचा शेवट या दोन एलपींत स्टिरिओचा मोनो होताना कानावर येतो, आणि आपण म्हणतोय केबल बदला.

प्रश्न : सर, याच संगीताचं नव्वदच्या दशकात पुन्हा वाजवून केलेलं रेकॉर्डिंगही मिळतंय, ते पूर्ण स्टिरिओ आणि अगदी स्वच्छ आहे. एकच घ्यायचं बजेट आहे. कुठलं घेऊ? (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : तुम्ही म्हणताय ते जोएल मॅकनीलीने रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेलं, व्हरेझ साराबांड या रेकॉर्ड कंपनीचं. फार चांगलं आहे आणि ते घेतलं म्हणून कोणी तुम्हाला कट्ट्यावरून उठवणार नाही.

खरं सांगायचं तर स्वरलिपी कशी रचलीय हे कळायला तेच बरं. सुरुवातीचं ते गरगरणारं वाद्यकाम आहे ना, सॉल बासने टायटलमध्ये फिरती वर्तुळं दाखवलीत त्याच्यावरचं, त्यात वरचा स्वरसमूह खाली उतरतो तेव्हा खालचा वर चढतो, एकाच वेळी. जिन्यावरून दोघं एकमेकांच्या उलट दिशेने जातायत आणि मध्ये कधीच भेटत नाहीत असं. मॅकनीलीच्या रेकॉर्डिंगमध्ये हे दोन्ही जिने वेगवेगळे मोजता येतात. सिनेमातल्या कार्लोटा नावाच्या बाईच्या चित्राबरोबर येणारा तो हबानेराचा ठेकाही, स्पॅनिश वळणाचा, तिथे एकदम ठळक आहे.

पण मॅथिसनचं म्हणजे सिनेमात जे वाजलं ते. पडद्यावर नायिका हिरव्या उजेडातून चालत येते तेव्हा मागे जे तंतुवाद्यांचं वाढत जाणं आहे ते त्याच त्या सेकंदांसाठी वाजवलंय, समोर चित्र आहे, घड्याळ आहे, उद्या इथे वाजवायला कोणी येईल का याची खात्री नाही. ती घाई आणि ताण स्कॉटलंडच्या रेकॉर्डिंगमध्ये नाही, का असावा.

सिनेमा पाहिला नसेल तर आधी तो पहा, मग मॅथिसन घ्या. सिनेमा पाच-सहा वेळा झाला असेल आणि तुम्ही स्वतः वाद्य शिकत असाल तर मॅकनीली.

प्रश्न : जुन्या बाजारात रविवारी 'व्हर्टिगो'ची मर्क्युरी कंपनीची एलपी मिळाली, कव्हर फाटकं. रीइश्यूत दोन एलपी आणि यात एकच, म्हणजे माझ्यातलं अर्धं गायब आहे का? आणि ही खरी १९५८ ची का? (एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : आधी अभिनंदन, मी त्या बाजारात बुधवारीही जातो आणि रविवारीही जातो, मला आजवर काय मिळालं तर भक्तिगीतं आणि उन्हाने वाकलेल्या ताटल्या.

गायब काही नाही, घेतलंच नव्हतं. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आरामात बसतात, त्याहून जास्त कोंबलं तर खाचा बारीक कराव्या लागतात आणि आवाज बसतो. म्हणून तेव्हा निवडक तुकडे घेऊन एक एलपी काढायची रीत होती, सिनेमाभरचं सगळं संगीत कोणी देत नसे. मूळ रेकॉर्डिंगमधलं पुष्कळ जास्तीचं संगीत पहिल्यांदा सीडीवर आलं, १९९६ ला.

अजून एक गोष्ट बघा, शेवटचा ट्रॅक थोडा फाटतो का? रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते पण सुईखालून खाच सरकायचा वेग बाहेर सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर असतो आणि लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरायचा. आणि सिनेसंगीतवाल्यांची खोड अशी की सगळ्यात दणदणीत प्रसंग शेवटी, म्हणजे जिथे जागा सगळ्यात कमी तिथेच. दोन एलपींच्या सेटमध्ये हा त्रास कमी होतो, जाडजूड १८० ग्रॅमच्या रेकॉर्डमुळे नाही, जागा मोकळी सोडल्यामुळे. ग्रॅमचा आणि आवाजाचा संबंध तूप आणि डब्याच्या वजनाइतकाच.

१९५८ ची का, हे कव्हरवरून ठरवू नका, तीच एलपी नंतरही पुन्हा निघालेली आहे. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या कोऱ्या पट्ट्यात, डेड वॅक्स म्हणतात त्याला, कोरलेले आकडे तिरक्या टॉर्चखाली वाचा आणि लेबलवरच्या नंबराशी ताडून बघा. खाचा राखाडी दिसत असतील तर कोणीतरी जड हाताच्या प्लेअरवर ती झिजवलीय, मग भिंतीला लावा आणि ऐकायला रीइश्यू घ्या.

प्रश्न : आपल्याकडे असं का होत नाही? मला मराठी सिनेमांचं नुसतं पार्श्वसंगीत हवंय, गाणी नकोत. (एक वाचक, प्रभात रोड)

उत्तर : पत्ता बरा शोधलात. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर प्रभातचा स्टुडिओ होता, आज तिथे एफटीआयआय आहे, आणि लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्ह, १९६४ पासूनचं. सिनेमे सांभाळलेत, आनंदच आहे. पण पार्श्वसंगीत वेगळं मिळायला त्याची वेगळी टेप उरायला लागते. संवाद, संगीत, आवाज हे सगळं एकाच ट्रॅकवर मिसळून प्रिंटवर गेलं की झालं, दूध-साखर. 'संत तुकाराम'मध्ये केशवराव भोळ्यांनी प्रसंगांमागे जे ठेवलंय ते १९३६ पासून तुकारामांच्या बोलण्याखालीच आहे, बोलणं काढून ते कसं देणार?

आणि दुसरं म्हणजे मागणी. आपण गाणी विकत घेणारे लोक. 'शोले'चं उदाहरण घ्या, एलपीवर टायटल म्युझिक होतं, पंचमने काय केलंय त्यात, पण पॉलिडोरची जी धडाक्यात खपली ती डायलॉगची रेकॉर्ड. आमच्या गणपतीच्या मंडपात आरती झाली की गब्बर सुरू व्हायचा, शेजारच्या आजींना 'कितने आदमी थे'च्या पुढचं सगळं पाठ होतं. माउथ ऑर्गनच्या त्या धूनेला मात्र कोणी वेगळी रेकॉर्ड मागितली नाही. जे मागितलं नाही त्याची टेप कोण जपेल, टेप महाग होती, पुसून परत वापरायचे.

प्रश्न : पावसाळ्यात कव्हरना बुरशी येते, रेकॉर्डवरही पांढरे ठिपके. स्पिरिटने पुसू का? (एक वाचक, पाषाण)

उत्तर : रेकॉर्ड कुठली ते बघा. एलपी असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत, लेबल भिजू न देता. उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. मिनिटाला ७८ फेरे फिरणारी जुनी रेकॉर्ड असेल तर स्पिरिट अजिबात नाही, ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विचारायच्या आधीच लावून बसला असाल तर आकाशवाणीवर ते गाणं कधी लागतं ते बघा.