नॅनोकणांमुळे औषध फक्त कॅन्सरच्या पेशींतच जातं आणि साइड इफेक्ट होत नाहीत, हे खरं आहे का? या विषयात पीएचडी करावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. "फक्त कॅन्सरच्या पेशींतच" हे वाक्य मी इतक्या सेमिनारांत ऐकलंय आणि इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता ते सोडून देववत नाही.

शिरेतून दिलेल्या नॅनोकणांचा (औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा) मोठा वाटा यकृत आणि प्लीहेत अडकतो. रक्तातले परके कण टिपणं हेच तिथल्या भक्षक पेशींचं काम आहे. २०१६ साली 'नेचर रिव्ह्यूज मटेरियल्स'मध्ये आधीच्या १० वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा आला होता. त्यात ट्युमरपर्यंत पोहोचलेल्या मात्रेचा मध्यक निघाला ०.७ टक्के.

माझी पीएचडी फोलेट (एक ब जीवनसत्त्व) जोडलेल्या पीएलजीए (शरीरात हळूहळू विघटन होणारं पॉलिमर) कणांवर होती. बऱ्याच ट्युमर पेशींवर फोलेटचे रिसेप्टर (त्याला पकडणारी प्रथिनं) जास्त असतात, तेव्हा कण तिकडेच जातील, हा नेहमीचा हिशेब. डिशमधल्या पेशींनी कण भराभर आत घेतले, सर, म्हणजे माझे गाईड, खूश झाले. मग उंदरांची पाळी आली. भूल दिलेले उंदीर इमेजिंगच्या पेटीत ठेवले, तर स्क्रीनवर (लाल म्हणजे जास्त कण) पोटाचा वरचा भाग लालभडक आणि मांडीजवळचा ट्युमर फिकट हिरवा. सर म्हणाले, "स्केलची वरची मर्यादा खाली आण आणि ट्युमरपुरतंच चित्र काप." तसं केलं की तोच ट्युमर लाल दिसतो, आकडा मात्र जिथल्या तिथे राहतो. मी म्हटलं, "सर, मग यकृतही त्याच स्केलवर दाखवू." त्यावर सर म्हणाले, "यकृत कोण बघतंय?"

मी अवयव काढून काळ्या कागदावर ओळीने मांडले: यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं, फुप्फुसं, हृदय, ट्युमर. प्लीहा म्हणजे एवढीशी चपटी पट्टी, पण यकृताच्या खालोखाल तीच उजळली होती. फोलेट लावलेले आणि न लावलेले, दोन्ही गटांच्या ट्युमरमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर बसतो आणि फोलेट त्याखाली झाकलं जातं, हे तेव्हाही माहीत होतं. पेपर छापून आला तेव्हा कापलेला ट्युमर मुख्य भागात होता आणि माझी अवयवांची ओळ पुरवणीत. यावरून आमचं बरेच महिने वाजलं. "असा डेटा पुढे आणला तर निधी कोण देईल?" हे सरांचं म्हणणं. औषध जिथे साठणार तिथे इजाही होऊ शकते, म्हणून यकृताचा आकडा आधी छापला पाहिजे, हे माझं. आजही तेच आहे.

याचा अर्थ नॅनोकण निरुपयोगी आहेत असा नाही. १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेलं डॉक्सिल बघा. त्यातलं डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध हृदयाला इजा करतं. ते साधारण १०० नॅनोमीटरच्या लायपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म पिशवीत, बंद केल्यावर तो धोका कमी झाला. त्या लायपोसोमवर फोलेटसारखं काहीही जोडलेलं नाही. आणि साइड इफेक्ट संपलेले नाहीतच: तळहात-तळपाय लाल होऊन कातडी सोलवटते, हा डॉक्सिलचा ओळखीचा त्रास आहे. लायपोसोममधल्या अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधानेही मूत्रपिंडांवरचा मारा कमी केला, तिथे तर कॅन्सरचा संबंधच नाही.

मला सर्वांत पटलेलं उदाहरण २०१८ साली मंजूर झालेल्या पॅटिसिरान या आरएनए-औषधाचं; ते एका सदोष प्रथिनाचं बनणं कमी करतं. कण यकृताकडे जाणारच असतील, तर ज्या आजारात सदोष प्रथिन यकृतातच तयार होतं तो आजार निवडा, हा सरळ विचार. लिपिडचे कण रक्तातलं अपोलिपोप्रोटीन-ई हे चरबी वाहणारं प्रथिन अंगावर घेतात आणि यकृताच्या पेशी त्यांना आत ओढतात. सर ज्याला अपयश म्हणत होते, त्याच गुणावर हे औषध उभं आहे.

पीएचडी जरूर करा, पण गाईड पारखून. दिलेल्या मात्रेपैकी किती कुठे गेली, किती बाहेर पडली, याचा पूर्ण हिशेब मांडलेला एखादा पेपर त्यांच्याकडे मागा. "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर दुसरी लॅब शोधा. डिशमधल्या पेशींचे आलेख बघून भारावून जाऊ नका.

हेही सांगायला हवं: माझे आकडे फ्लुरोसन्सचे, म्हणजे कणात भरलेल्या चमकणाऱ्या रंगाचे होते. रंग कणातून सुटला तर आपण कणाचा नाही, सुट्या रंगाचा प्रवास मोजत बसतो. म्हणून शक्य तिथे औषधच मोजा. उंदरातला ट्युमर झपाट्याने वाढतो, माणसातला बहुधा तसा वाढत नाही, आणि माणसामाणसांत फरकही खूप असतो, म्हणून उंदरांचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नका. शिवाय कोणी पेशंट किंवा नातेवाईक हे वाचत असतील तर: लायपोसोममधलं औषध आणि साधं औषध यांचे डोस वेगळे असतात, एकाच्या जागी दुसरं परस्पर चालत नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.