आधी स्वतःचा निकाल बघा, मग टीमचा

तुम्ही नुकतेच टीम लीड झालात, एचआरने शिकण्याच्या शैलीची प्रश्नावली भरून घेतली, आणि आठ जणांत तीन बघून, दोन ऐकून, तीन करून शिकणारे निघाले. आता ट्रेनिंग आणि कामं त्याप्रमाणे वाटू का, असं विचारलंय.

नका वाटू. 2008 साली हॅरल्ड पॅश्लर या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा शैलीप्रमाणे शिकवल्यानं माणूस जास्त शिकतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. आवडनिवड असतेच, पण आवडीचं तेच अंगी लागतं असं नाही.

माझी चूक सांगतो. मी सीएनसी शॉपमधला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग कापतात तिथला, ड्रॉइंग वाचून शिकलेला. सुपरवायझर झाल्यावर सगळ्यांच्या हातात कागदच दिले. सेटिंगची शीट लॅमिनेट करून प्रत्येक मशीनला लटकवली आणि स्वतःवरच खूश झालो. तर एका नव्या पोराचे बोअर, म्हणजे भागात कोरलेली गोल भोकं, सलग दोन शिफ्ट मापापेक्षा मोठे. इन्सर्ट, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं बदलता येणारं टोक, झिजत जातो तसा बोअर लहान यायला लागतो, म्हणून वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई करायला मशीनला दिलेला आकडा, थोडा थोडा वाढवत नेतात. नवा इन्सर्ट बसवला आणि जुना ऑफसेट तसाच राहिला, की पहिलाच बोअर मोठा. मोठा झालेला बोअर म्हणजे तो भागच भंगारात. मी चिडून विचारलं, "शीट वाचलीस का?" तो म्हणाला, "वाचली सर, चेक पण केला." शीटवर मीच लिहिलं होतं, 'वेअर ऑफसेट चेक करणे'. त्यानं आकडा बघितला होता आणि पुढे गेला होता!

मग आमच्या जुन्या सेटरनं, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्या कारागिरानं, त्याला शेजारी उभं केलं. एकदा स्वतः करून दाखवलं, कशासाठी ते सांगितलं, मग त्याच्याच हातानं इन्सर्ट बदलून घेतला, ऑफसेट शून्य करायला लावला आणि तोंडानं कारण वदवून घेतलं. आठवडाभर पहिला पीस त्याच्यासोबत मोजला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम होता, त्याची पद्धत जवळपास हीच. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी ती उचलली. त्यात समोरचा कुठल्या शैलीचा, हा प्रश्नच नाही. कसं शिकवायचं ते काम ठरवतं. टॉर्क किती हे कागदावर लिहावं, पाना कसा धरायचा ते हातानंच दाखवावं.

शैलीचा फरक मला खरा जाणवतो तो मीटिंगमध्ये. काही जण प्रश्न ऐकताच उत्तर फेकतात, काहींना रात्र लागते. आमच्या क्वालिटीच्या मॅडम बैठकीत गप्प असायच्या आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी असं एक वाक्य बोलायच्या की आदल्या दिवशीचा निर्णय फिरवावा लागे. दोन-तीनदा तोंडघशी पडल्यावर मी अडचण संध्याकाळच्या हँडओव्हरलाच बोर्डवर लिहायला लागलो, निर्णय सकाळी. पटकन बोलणारे पहिले काही दिवस कुरकुरले.

तुमच्या आठ जणांचा निकाल लिहिलात, पण स्वतःचा लिहिला नाहीत. तो कळवा, आणि गेल्या महिनाभरात तुम्ही टीमला काय काय कसं समजावलंत तेही. माझा अंदाज आहे, तुमची शैली आणि तुमची समजावण्याची पद्धत सारखीच निघेल.