न दिसलेल्या उजेडाचा हिशेब

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. कृष्णद्रव्य म्हणजे कृष्णविवरंच असतील तर ते तपासायचं कसं, आणि आपल्या तालुक्यात बसून त्यात काही करता येईल का, असं तू विचारलंस. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. येईल. फक्त "कृष्णद्रव्य कृष्णविवरांचं आहे का" यावर डोकं घासत बसू नकोस. "तसं असतं तर आकाशात काय दिसलं असतं, आणि किती" हे विचार. पहिल्या प्रश्नावर नुसता वाद होतो, दुसऱ्यावर गणित मांडता येतं.

विश्वातल्या द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य आहे. त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं, उजेड मात्र नाही. १९७१ मध्ये हॉकिंग यांनी मांडलं की महास्फोटानंतर लगेच, तारे जन्मायच्या कितीतरी आधी, दाट भाग कोसळून कृष्णविवरं तयार झाली असतील. त्याआधी झेल्डोविच आणि नोविकोव्ह यांनीही तसा विचार केला होता. मग १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेने ३६ आणि २९ सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या दोन विवरांचं विलीनीकरण टिपलं. एवढी जड विवरं बघून, आपल्याला कृष्णद्रव्यच तर सापडलं नाही ना, असं २०१६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी गंभीरपणे विचारलं.

इथून पुढे प्रारणाचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या किरणांचं, काम सुरू होतं. तीस सूर्यांएवढ्या विवराची त्रिज्या जेमतेम ९० किलोमीटर. ते स्वतः दिसणार नाही. पण वायूच्या ढगातून जाताना ते वायू ओढून घेतं, तो वायू तापतो, आणि क्ष-किरण व रेडिओ लहरी बाहेर पडतात. आकाशगंगेच्या केंद्राजवळ वायू भरपूर आणि कृष्णद्रव्यही दाट. सध्या सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत अंधार पडला की नैर्ऋत्येला मूळ नक्षत्र, म्हणजे विंचवाची नांगी, कलताना दिसतं. तिच्या थोडं वर बघ, केंद्र तिकडे आहे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. सगळं कृष्णद्रव्य अशा विवरांचं असतं तर त्या पट्ट्यात क्ष-किरणांचे आणि रेडिओ लहरींचे ठिपके पुष्कळ जास्त दिसायला हवे होते. गॅगेरो या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा हिशेब मांडून व्हीएलए रेडिओ दुर्बिणीच्या आणि चंद्रा क्ष-किरण वेधशाळेच्या याद्यांशी ताडून पाहिला. तेवढे ठिपके तिथे नाहीत. दहा-वीस-तीस सूर्यांएवढी विवरं हेच सगळं कृष्णद्रव्य, ही शक्यता त्यांच्या हिशेबात बाद झाली.

हा निकाल मला फार सुंदर वाटतो. तरी तो पाठ करू नकोस, उलगडून बघ. तू जागलीला जातेस. पलीकडच्या वावरात बॅटरीचा उजेड दिसला नाही म्हणून तिथे कोणी नाही असं म्हणायचं, तर तिथल्या माणसाकडे बॅटरी असेल आणि ती लावलेली असेल, हे आपण धरून चालतो. इथे ती धरलेली गोष्ट म्हणजे विवर किती वायू गिळतं. ढोबळ सूत्रानुसार हे प्रमाण वस्तुमानाच्या वर्गाने वाढतं आणि वेगाच्या घनाने घटतं. म्हणजे वेग दुप्पट धरला की गिळलेला वायू आठपट कमी. शिवाय मंद गिळणारं विवर त्या मानाने चमकतंही कमी. नेहमीच्या मॉडेलमध्ये उजेड हा वायू गिळण्याच्या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो थेट ६४ पट घटतो! एका गृहीतकाने एवढा फरक पडतो, म्हणूनच त्या गटाने गिळण्याचं प्रमाण मुद्दाम कमी धरलं. असंच वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवरून, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणावरून, २००८ मध्ये अशा विवरांवर मांडलेल्या कडक मर्यादा २०१७ मध्ये गृहीतकं नव्याने तपासल्यावर बऱ्याच सैल झाल्या. कोणताही लेख वाचताना आधी गृहीतकं वहीत उतरवून घे, निष्कर्ष मागाहून वाच.

हलक्या विवरांची गोष्ट वेगळी. ती हॉकिंग प्रारणाने, म्हणजे विवरातून हळूहळू बाहेर पडणाऱ्या किरणांनी आणि कणांनी, स्वतःच झिजतात. साधारण ५० हजार कोटी किलोपेक्षा हलकी असतील ती आजवर संपली. त्याहून थोडी जड असतील ती अजून गॅमा किरण आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) सोडत असायला हवीत. २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलेल्या व्हॉयेजर-१ या अवकाशयानाने तिथे कमी ऊर्जेचे असे कण मोजले, आणि त्या मोजणीवरूनही विवरांवर मर्यादा घालता आली. या कामासाठी ते यान कोणी पाठवलं नव्हतं. मला याचंच अप्रूप वाटतं. मात्र लघुग्रहांएवढ्या वस्तुमानाची, आकाराने अणूच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असलेली विवरं अजून कोणत्याच चाचणीत नीट सापडत नाहीत. ती खिडकी आजही उघडी आहे. पुढे संशोधन करायचं मनात असेल तर तिच्यावर नजर ठेव.

दुर्बीण घ्यायला घरी पैसे मागू नकोस. चंद्रा वेधशाळेचा डेटा फुकट मिळतो, फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीचाही. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक. रेंज नसेल तर पानं उतरवून घे आणि घरी वाच. इंग्रजी लेख पहिल्यांदा अर्धाही कळणार नाही. त्याने तुझी लायकी ठरत नाही. तोच लेख तिसऱ्यांदा वाच. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन असतं. प्रवास लांबचा आहे, पण ४५ मीटरच्या त्या तबकड्या एकदा डोळ्यांनी बघ आणि तिथल्या लोकांना प्रश्न विचार. लाजू नकोस, "आम्ही खेड्यातले" म्हणून मागे राहू नकोस.

आत्ता एवढंच कर. एका कागदावर तीस सूर्यांएवढं एक विवर घे, वायूची घनता एक धर आणि वेग सेकंदाला ५०, १००, २०० किलोमीटर असे बदलत उजेडाचा तक्ता मांड. कापूस वेचणीच्या गडबडीत उशीर झाला तरी चालेल. तक्ता पाठवताना खोडाखोडीची पानंही सोबत जोड, मला तीही बघायची आहेत.

तुझे,
सर