टेक्सासला परवाना नको असला, तरी एच-१बी धारकाला तो हवा

आपल्या पत्रातील हकिगत थोडक्यात अशी आहे. आपण मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले असून, तीन वर्षे न्यू जर्सीत काढल्यावर चार महिन्यांपूर्वी एच-१बी व्हिसावरच ह्यूस्टनजवळ राहायला आला आहात. रानडुकरांनी एका रात्रीत उकरून टाकलेली भाताची खाचरे आपण लहानपणापासून पाहिली आहेत आणि टेक्सासात त्यांची शिकार करता येते हे कळल्यावर आपल्यालाही जावेसे वाटले. कार्यालयातील एका सहकाऱ्याने स्वतःची रायफल आणि ओळखीच्या शेतकऱ्याचे रान, दोन्ही देऊ केले असून, ‘डुकराला इथे परवाना लागत नाही’ असेही तो म्हणाला. येत्या शनिवारी जावे का आणि पुढे स्वतःहून जागा कशा शोधाव्यात, हे आपण विचारले आहे.

शनिवारी रायफल घेऊन जाऊ नये, हे प्रथम स्पष्ट सांगतो. सहकाऱ्याने सांगितले ते खोटे नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुकरे मारायला राज्याचा शिकार परवाना लागत नाही. परंतु हा राज्याचा कायदा झाला आणि आपली अडचण केंद्रीय कायद्यात आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगणे हा केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी आपल्या उपयोगाचा एकच, तो म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला आणि मुदत न संपलेला शिकार परवाना आपल्याजवळ असणे. म्हणजे जो कागद टेक्सास आपल्याकडे मागत नाही, तोच कागद आपल्या हातातील रायफल कायदेशीर ठरवतो. सहकारी नागरिक असेल, तर त्याला याची झळ कधी लागलेली नसणार, म्हणून त्याच्या सांगण्यात वाईट हेतू पाहू नये.

‘जवळ बाळगणे’ याचा अर्थ न्यायालये व्यापक घेतात. बंदूक आपल्या मालकीची असावी लागत नाही. मित्राची रायफल क्षणभर खांद्याला लावणे किंवा नेमबाजीच्या रेंजवर ती भाड्याने घेणे, हेही त्यात येऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे कारावास अशी झाली आहे, आणि बंदुकीसंबंधी दोषसिद्धी हे देशाबाहेर काढण्याचेही कारण ठरते. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असल्याने यात फरक पडत नाही. ते प्रत्यक्ष मंजूर झाल्यावरच हे बंधन सुटते. पूर्वी कधी आपण बंदूक हाताळली असेल, तर त्याविषयी कोणालाही लेखी काही न कळवता, फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला समक्ष भेटावे.

आता परवान्याविषयी. टेक्सासात सलग सहा महिन्यांहून अधिक वास्तव्य झाल्याशिवाय आपण शिकारीच्या परवान्यापुरते रहिवासी मानले जात नाही, ड्रायव्हिंग लायसन्स हाती आले असले तरीही. बिगर-रहिवाशाचा सर्वसाधारण परवाना रहिवाशाच्या परवान्याच्या कित्येक पट महाग असतो, त्यामुळे दोन महिने थांबणे खिशालाही परवडेल. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. तो या थांबण्याच्या काळात उरकून घ्यावा. हंगामाचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरच्या सकाळी नवा परवाना नसताना कपाटात रायफल असली, तर आपण पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेत येता, ही तारीख कृपया कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा. पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असतील, तर हाच नियम त्यांनाही लागू आहे, म्हणून त्यांच्याजवळ परवाना नसेल, तर बंदुकीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

जागांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. टेक्सासातील बहुतेक सर्व जमीन खासगी आहे, आणि डुकरांच्या उच्छादाने जेरीस आलेला शेतकरी ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाला सहसा नाही म्हणत नाही. काउंटीचे कृषी विस्तार कार्यालय, पशुखाद्याची दुकाने आणि त्या भागातील गेम वॉर्डन (शिकारीचे कायदे राबवणारा अधिकारी) यांच्याकडे चौकशी करावी. संमती मात्र तोंडी घेऊ नये. जमिनीच्या सीमा, तारखा, बरोबर येणाऱ्यांची नावे, रात्री शिकारीची मुभा आहे की नाही आणि शेतकऱ्याचा फोन क्रमांक, एवढे एका कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी व तो कागद बरोबर ठेवावा. आपल्याकडे बांधावरून भांडणे होतात, तशी इथे कुंपणावरून होतात. झाडाच्या खोडावर किंवा खांबावर जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर जांभळ्या रंगाचा निदान आठ इंच लांबीचा उभा पट्टा दिसला, तर तो कायद्याने ‘प्रवेश बंद’ या पाटीसारखाच आहे, आणि शस्त्र घेऊन अशा हद्दीत शिरणे हा अधिक गंभीर गुन्हा ठरतो. गोळी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तरी, त्याची लेखी परवानगी नसल्यास, तोही स्वतंत्र गुन्हा आहे. जखमी डुक्कर कुंपणापलीकडे पळाले, तर त्याच्यामागे न जाता आधी त्या मालकाला फोन करावा.

सार्वजनिक जमिनींत ह्यूस्टनच्या उत्तरेचे सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट आपल्याला जवळ पडेल. तिथे डुकरासाठीही शिकार परवाना लागतो, शिवाय टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याचे वार्षिक सार्वजनिक शिकार परमिट घ्यावे लागते. कोणत्या दिवसांत कोणते शस्त्र चालते, ते जागेगणिक बदलते, म्हणून परमिटबरोबर मिळणारी पुस्तिका जाण्यापूर्वी वाचावी.

शनिवारचे निमंत्रण पूर्णपणे नाकारण्याचे मात्र कारण नाही. धनुष्य किंवा क्रॉसबो केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही, आणि सापळा लावून डुकरे धरणेही खासगी रानात सर्रास चालते; फक्त धरलेली डुकरे जिवंतपणी दुसरीकडे नेऊन सोडू नयेत. शेतकऱ्याची लेखी संमती घेऊन आपण जावे, रान पाहावे, डुकरांच्या वाटा व उकरलेली जमीन बघून घ्यावी. सहकाऱ्याची रायफल मात्र त्याच्याच हातात आणि काडतुसे त्याच्याच गाडीत राहू द्यावीत, आणि तो ती आपल्या गाडीत ठेवू पाहील, तर नम्रपणे नकार द्यावा.