ॲमेझॉनकडे गेल्यावर जेम्स बॉन्डची वाट लागणार का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ॲमेझॉनने बॉन्ड विकत घेतला तर आता मनीपेनीची (बॉन्डच्या साहेबाची सेक्रेटरी) वेब सिरीज, क्यूची (त्याला हत्यारं बनवून देणारा) वेब सिरीज, शाळेतला बॉन्ड असलं सगळं काढून वाट लावणार का, आणि मुळात मागच्या पिक्चरमध्ये तो मेलाय तर पुढे दाखवणार काय. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी.

मेला तो डॅनियल क्रेगचा बॉन्ड. २००६ ला कॅसिनो रोयाल आला तेव्हाही पाटी कोरी करूनच सुरुवात केली होती, बॉन्डला नुकतंच ००७ चं लायसन्स मिळालंय असं दाखवलं आणि आधीच्या वीस पिक्चरमधलं काही घडलंच नाही असं धरून चालले, कुणी हिशोब मागितला नाही. आत्ताही तेच करतील.

मी तो शेवटचा पिक्चर, २०२१ चा नो टाइम टू डाय, बाबांबरोबर बघितला. देशभर सप्टेंबरअखेर लागला होता पण कोरोनामुळे बंद असलेली महाराष्ट्रातली थिएटरं उघडली २२ ऑक्टोबरला, त्यामुळे तीन आठवडे कुणी शेवट फोडू नये म्हणून मी बाबांच्या फोनवरचे दोन ग्रुप गुपचूप म्यूट करून ठेवले होते. एक खुर्ची सोडून बसायचं, मास्क लावून. बाबा पुण्यातल्या अलका आणि राहुल थिएटरला बॉन्ड बघत मोठे झालेले (कुठला कुठे बघितला यावर त्यांचे आणि काकांचे अजून वाद होतात), ऑक्टोपसीमध्ये उदयपूर आणि कबीर बेदी दिसला म्हणून तो तीनदा बघितलेला माणूस. शेवट झाल्यावर एवढंच म्हणाले, "अगं, मारला?" म्हटलं थांबा बाबा, पाटी येईल. झाडू घेऊन दोघं पोरं दारात खोळंबलेली, हॉलमध्ये आम्ही दोघंच, आणि सगळी नावं सरकून गेल्यावर एकदाची आली पाटी, जेम्स बॉन्ड विल रिटर्न. "हं. मग ठीक," म्हणाले आणि उठले.

आता "विकत घेतला" हे तितकंसं बरोबर नाहीये. ॲमेझॉनने घेतला एमजीएम स्टुडिओ, ८४५ कोटी डॉलरला, व्यवहार पूर्ण झाला मार्च २०२२ मध्ये. पण एमजीएमकडे बॉन्डचा निम्माच हिस्सा होता, आणि कोण बॉन्ड होणार, कधी होणार, स्टोरी काय हे सगळं ठरवायचे पहिल्यापासून बॉन्ड काढणाऱ्या कुटुंबातले निर्माते, बार्बरा ब्रॉकली आणि तिचा सावत्र भाऊ मायकेल विल्सन. एवढे पैसे मोजूनही तीन वर्षं ॲमेझॉनला गप्प बसायला लागलं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये करार जाहीर झाला की तिघं मिळून मालक राहतील पण पिक्चरबद्दलचे निर्णय ॲमेझॉन घेणार. म्हणजे सातबाऱ्यावर नावं जुन्यांचीही आहेत, कसणारा बदललाय.

माझ्या मते खरी भीती पुढचा पिक्चर वाईट निघेल ही नाहीच. तो चांगलाच निघेल, कारण पहिल्या पिक्चरवर सगळी अब्रू आहे आणि माणसं तशी घेतलीयेत. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह, ड्यूनवाला. लिहिणारा स्टीव्हन नाइट, पीकी ब्लाइंडर्सचा. निर्माते एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन, म्हणजे एकीने सोनी स्टुडिओत असताना क्रेगचे बॉन्ड सांभाळलेत आणि दुसऱ्याने हॅरी पॉटरचे आठही पिक्चर काढलेत. पहिला वाईट करायला ही मंडळी कशाला आणतील.

भीती आहे ती चौथ्या पाचव्याची. ब्रॉकली कुटुंबाचा कारभार आपल्याकडच्या जुन्या दुकानांसारखा होता, आमची कोठेही शाखा नाही. १९६२ पासून २०२१ पर्यंत ५९ वर्षांत पिक्चर किती तर २५. लोक बाहेर रांगा लावून उभे आहेत आणि मालक म्हणतोय आज माल संपला, उद्या या. त्याचा राग यायचा, मलाही यायचा, पण भाव टिकला तो त्यामुळेच. याउलट स्टार वॉर्स बघा. डिस्नेने २०१२ मध्ये ४०० कोटी डॉलरच्या वर मोजून घेतलं आणि २०१५ ते २०१९ पाच वर्षांत पाच पिक्चर काढले, क्रेगला पाच पिक्चरना पंधरा वर्षं लागली होती! चौथा, सोलोवाला, आपटला, पाचव्यावर निम्मे चाहते अजून चिडलेले आहेत, आणि मग थिएटरमध्ये कितीतरी वर्षं शुकशुकाट आणि टीव्हीवर सिरीजवर सिरीज. शाखा उघडून उघडून मुख्य दुकानालाच कुलूप, असं झालं ते.

ॲमेझॉनचा स्वभाव दिसायलाही लागलाय. २०२३ ला ००७ च्या नावाने एक रिॲलिटी शो आणला होता, त्यात बॉन्ड नाही, साधी माणसं प्रश्नांची उत्तरं देत जग फिरतात आणि पैसे जिंकतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर प्राइमवर जुन्या पिक्चरच्या पोस्टरवरून बॉन्डच्या हातातलं पिस्तूलच पुसून टाकलं, लोक इतके भडकले की ती पोस्टरं काढावी लागली. आपल्याला याचं नवल नको म्हणा, २०१५ ला स्पेक्टरमधले किस आपल्या सेन्सॉर बोर्डाने निम्मे कापले होते आणि बॉन्ड संस्कारी झाला म्हणून आठवडाभर जोक चालले होते. पण ते बाहेरच्याने कापलं होतं, पिस्तूल घरच्याच मालकाने काढलं.

आता जुन्या मालकांची आरती ओवाळायला नको म्हणून हेही सांगते. १९९१ ला बॉन्डच्या पुतण्याचं कार्टून निघालं होतं, चाहते तो विषय काढत नाहीत. आणि डाय अनदर डे नंतर हॅली बेरीच्या जिंक्सचा स्वतंत्र पिक्चर काढायचा म्हणून हीच बार्बरा आणि मायकेल मागे लागले होते, तेव्हा नको म्हणाला तो स्टुडिओ. म्हणजे नाही म्हणणारा दरवेळी कुणीतरी समोर होता, कधी कुटुंब तर कधी स्टुडिओ. आता तसा समोरचा कुणी राहिला नाहीये, माझं दुखणं एवढंच आहे.

शिवाय घाई करायला कारणही आहे, ज्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. बॉन्डची मूळ पुस्तकं लिहिणारा इयान फ्लेमिंग गेला १९६४ ला. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे २०३४ संपलं की तिकडे मूळ पुस्तकं सगळ्यांना मोकळी. आपल्याकडे ६० वर्षांचा नियम आहे त्यामुळे आपल्याकडे मोकळी झालीसुद्धा. पिक्चरमधलं संगीत, ००७ चा लोगो वगैरेला हात लावता येत नाही, पण पुस्तकातला बॉन्ड कुणीही उचलू शकेल अशी तारीख समोर दिसत असताना एवढे पैसे घातलेला मालक निवांत बसेल असं मला वाटत नाही. दोन तीन सिरीज येतील, मनीपेनीची पहिली, माझी पैज.

नवा बॉन्ड कोण यावर मी बोलणार नाही, कारण क्रेगला घेतलं तेव्हा सोनेरी केसांचा बॉन्ड असतो का म्हणून बहिष्काराची भाषा करणाऱ्यांत मीपण होते आणि नंतर कॅसिनो रोयाल थिएटरमध्ये दोनदा बघितला.

बाकी थांबायचं म्हणाल तर १९८९ च्या बॉन्डनंतर पुढचा, गोल्डनआय, यायला सहा वर्षं लागली होती, तेव्हाही कारण स्टुडिओच्या विक्रीवरून झालेली कोर्टबाजीच होती. यावेळी २०२८ च्या सुरुवातीपर्यंत नाही आला तर तो रेकॉर्ड मोडेल, आणि माझ्या मते मोडू दे, सावकाश काढा. हे मी परवा जेवताना म्हटलं तर बाबा चिडले. "तुझं ठीक आहे गं, तू पंचेचाळीसची. मी अठ्ठ्याहत्तर. त्यांना म्हणावं दहा शाखा काढा, पण पहिली लवकर उघडा."